शिंग मऊ होतं तेव्हा

आजची गोष्ट ऐकताना आपल्या हाताच्या नखांकडे एकदा बघा. आंघोळ झाल्यावर नखं कापायला सोपी जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. कोरडी असताना तीच नखं कट्कन तुटतात, कधी चिरतात. ओले केस वेणीत घट्ट बांधून ठेवले आणि वाळल्यावर सोडले, तर केसांना वेणीची नागमोड राहते, हेही आपण लहानपणापासून बघतो. पाणी आणि ऊब मिळाली की नखं-केस नमतात, आणि ज्या आकारात वाळतात तो आकार काही काळ धरून ठेवतात. शिंगाच्या कारागिरीचं सगळं गुपित एवढंच आहे. बाकी सगळी हातांची सवय आणि पिढ्यांचा सराव.

नवी मुंबईत बसून आम्ही शिंगाची गोष्ट का सांगतोय, असं तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीपलीकडे हे शहर उभं राहू लागलं. तेव्हापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किती तरी घरं इथे येऊन वसली. त्यांच्या गावाकडच्या एका कारागिरीची ही गोष्ट आहे. दुसरं कारण तुमच्या कामाचं आहे. बचत गटांच्या बाया माल घेऊन वाशीच्या प्रदर्शनांत येतात, बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये येतात. अशा मेळ्यांत शिंगाच्या फण्या, बटणं, बांगड्या, काळे चकचकीत पक्षी दिसतात. कुणी म्हणतं, ‘आपणही हे करू या,’ कुणी म्हणतं, ‘स्वस्त मिळतंय, गावाकडे नेऊन विकू या.’ तसं करण्याआधी हा इतिहास माहीत असलेला बरा.

आधी शिंग म्हणजे काय ते बघू. गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्या शिंगाच्या आत हाड असतं आणि त्यावर बाहेरून एक टणक खोळ असते. ही खोळ म्हणजे कारागिराचं शिंग. केस, नखं, खूर आणि पक्ष्याची पिसं ज्या पदार्थाची बनतात त्याच पदार्थाची ती बनलेली असते. त्याला केराटिन म्हणतात. म्हणून शिंग जाळलं की केस जळल्याचा वास येतो. ही खोळ जनावराच्या आयुष्यभर मुळाकडून वाढत राहते. गाय विकत घेताना जुनी माणसं शिंगावरची वळी मोजून तिची किती वेतं झाली असतील याचा अंदाज बांधतात, तो याच वाढीमुळे. गाभणपणात आणि दुधाच्या दिवसांत अंगातलं सत्त्व वासराकडे जातं, शिंगाची वाढ मंदावते आणि तिथे वळं उमटतं. म्हणजे गाईच्या बाळंतपणांची नोंद तिच्या शिंगावरच लिहिलेली असते.

सांबर, चितळ यांची शिंगं मात्र वेगळी. ती आतून-बाहेरून हाडाची असतात, फांद्या फुटतात, आणि दरवर्षी गळून पडतात. उकळून-शेकून ती मेणासारखी वाकत नाहीत, ती कापून आणि कोरूनच वापरावी लागतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कायद्याचं बोलताना तो लागेल.

आता कोकणाकडे वळू. इंग्रज सरकारने १८८० साली रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर छापलं. त्या काळी विजयदुर्गात थोडी सुतार घराणी गव्याच्या शिंगाच्या वस्तू करत. विजयदुर्ग म्हणजे आंग्र्यांचं आरमारी ठाणं, १७५६ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून घेतलेला घेरिया. त्या किल्ल्याच्या सावलीतल्या बंदरात जहाजं बांधणारे, डागडुजी करणारे सुतार होते. लाकडाला बाक देणारे तेच हात शिंगालाही बाक देत. शिंगं दक्षिणेकडून, मलबारच्या किनाऱ्यावरून येत. सावंतवाडीतही हे काम चाले. १९०२-०३ च्या थंडीत दिल्लीला हिंदुस्थानभरच्या कलावस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यावर जॉर्ज वॉट यांनी मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हस्तिदंत, शिंग, शिंपला यांच्या कामाला वेगळी जागा दिली आहे.

काय घडवत असत? तबकं, पेले, डब्या, शोभेच्या वस्तू. त्याचबरोबर पूजेतल्या वस्तूही: नंदी, फणा काढलेला नाग, शिवाच्या पूजेत लागणारी उपकरणं. काळं, तुकतुकीत, कडेला किंचित आरपार दिसणारं शिंग आणि त्याचा नाग, हे जोडकाम किती साजून दिसत असेल याची कल्पना करा. शिंगाला मुळातच वळण असतं. चांगला कारागीर त्या वळणाशी भांडत नाही, त्यातूनच नागाची मान काढतो.

आणि मऊ कसं करत? कोकणातली रीत कोकणाच्याच जिनसांवर उभी होती. शिंगाला खोबरेल तेल चोपडायचं, तेलाने ते सतत ओलं ठेवायचं आणि निखाऱ्यासमोर धरून हळूहळू तापवायचं. तापता तापता शिंग मेणासारखं नरम होतं. त्या क्षणी ते वाकवायचं, दाबायचं, ओढायचं, साच्यात बसवायचं आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. थंड झालं की नवा आकार पक्का.

यात तेलाचं काम काय, हे भाकरी थापणाऱ्या बाईला समजवावं लागणार नाही. कोरड्या तव्यावर पोळी एका जागी करपते, दुसऱ्या जागी कच्ची राहते. तेल लावलं की ऊब सगळीकडे सारखी पसरते. शिंगाचंही तसंच. शिवाय शिंगातला ओलावा तेलामुळे लगेच उडून जात नाही. ओलावा गेला की शिंग वाकत नाही, तडकतं. पाणी उकळून जेवढी ऊब मिळते तेवढी पातळ तुकड्याला पुरते. जाड शिंगाला त्याहून जास्त लागते, ती तेलाने आणि निखाऱ्याने मिळते. पण फार तापवलं तर शिंग फुगतं, त्याचे पापुद्रे सुटतात, काळा धूर निघतो आणि तुकडा वाया जातो. हात सरावलेला असेल तर तो घड्याळ बघत नाही. वास बदलला, शिंग जरा घामेजलं, चिमट्यात नमायला लागलं, यावरून त्याला कळतं.

आत काय घडतं, तेही थोडक्यात सांगतो. केराटिनचे धागे एकमेकांना लहान-मोठ्या गाठींनी बांधलेले असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की लहान गाठी सुटतात, धागे एकमेकांवरून सरकतात. थंड झालं की नव्या जागी नव्या गाठी बसतात. ब्यूटी पार्लरमध्ये तापत्या चिमट्याने केस सरळ करतात तेव्हा नेमकं हेच होतं. म्हणून सरळ केलेले केस पावसात भिजले की पुन्हा कुरळे होतात, आणि शिंगाची फणी गरम पाण्यात टाकून ठेवली तर तीही वाकडी होते.

म्हशीच्या शिंगाची आजची रीत थोडी लांब आहे. शिंग काही दिवस पाण्यात किंवा ओल्या मातीत ठेवतात, म्हणजे आतलं हाड सुटतं. ते उपसून काढलं की पोकळ खोळ उरते. टोकाचा भाग भरीव असतो, त्याची बटणं, मुठी, मणी होतात, ते काम कातारी करतात. पोकळ भाग करवतीने उभा चिरतात, उकळत्या पाण्यात ठेवतात, मग आचेवर धरून उलगडतात. गुंडाळलेला केळीचा पाला उलगडावा तसा. उलगडलेला पत्रा दोन पाट्यांमध्ये घालून शिकंज्यात आवळतात आणि थंड करतात. झाली सपाट पट्टी. त्यातून फणी कापायची, दाते पाडायचे, कानशीने घासायचं, शेवटी चकाकी आणायची. चकाकी आणायला पूर्वी पॉलिश पेपर नव्हता. आपल्या रानात खरवत नावाचं झाड आहे, त्याची पानं मांजराच्या जिभेसारखी खरखरीत असतात. लाकूड आणि हस्तिदंत घासायला त्यांचाच उपयोग करत.

ही युक्ती फक्त आपल्याकडेच होती असं नाही. इंग्लंडमध्ये शिंगाचे इतके पातळ पत्रे करत की त्यातून दिव्याचा उजेड बाहेर पडे. काच महाग होती त्या काळात कंदिलाला असे पत्रे लावत. लंडनच्या शिंगकामगारांच्या संघाला १६३८ साली राजाची सनद मिळाली. आपल्याकडे त्याहून कितीतरी आधी, सुश्रुतसंहितेत शिंगाचा उपयोग सांगितला आहे तो वैद्यकीचा: वाताने बिघडलेलं रक्त काढायला गाईचं शिंग, पित्ताचं काढायला जळवा आणि कफाचं काढायला तुंबडी. आणि लढाईला निघताना जे फुंकायचं ते रणशिंग. आता ते पितळेचं झालं, पण नाव शिंगाचंच राहिलं.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला छान आहे. पण इतिहास सांगायचा तर एक प्रश्न टाळून चालणार नाही. जनावर मेलं, त्याचं शिंग काढलं कुणी?

गव्याचं शिंग रानातून येई. गावातल्या गाई-बैल-म्हशीचं शिंग मात्र गावकुसाबाहेरच्या हातांतून येई. मेलेलं ढोर ओढून नेणं हे काम गावगाड्याने महारांवर लादलेलं होतं. कातडं कमावणं ढोर आणि चांभार यांच्याकडे. जनावर जिवंत असताना ते ज्याच्या दावणीला होतं तो मेल्यावर त्याला हातही लावत नसे. मग त्याच जनावराचं शिंग शेकून, घासून, चकाकवून वस्तू झाली की ती घरात येई, ओट्यावर येई, केसांत फिरे. शिंग शुद्ध होत होतं. ते काढणारा माणूस मात्र तसाच बाहेर उभा राहत होता.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला जी परिषद भरली, तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरं ओढणं आणि त्यांचं मांस खाणं सोडा, असं आपल्या लोकांना सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी आणि ढोर ओढणं सोडणं, या एकाच स्वाभिमानाच्या दोन बाजू होत्या. यावर गावोगावी कुरबुर झाली, बहिष्कार झाले. ‘केसरी’त एका पत्रलेखकाने तर हिशोबच मांडला: कातडं, मांस, हाडं, शिंगं, खूर या सगळ्यांची किंमत धरली तर हे काम सोडून महारांचं वर्षाला सुमारे ५०० रुपयांचं नुकसान होतं. बाबासाहेबांनी याला उत्तर दिलं. त्याचा मतितार्थ असा: एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही? तुम्ही हे काम करा, वर आणखी ५०० रुपये मी माझ्या पदरचे देतो.

सख्यांनो, या हिशोबात शिंग आहे, म्हणून आम्ही तो सांगितला. पैशाने बघितलं तर मेलेल्या जनावरात खरंच किंमत होती. पण ज्या कामाने माणसाची किंमत शून्य होते, त्या कामातली कमाई कमाई म्हणायची का, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतनं रद्द झाली, त्यात महार वतनही गेलं. तरी गोष्ट संपली असं म्हणता येत नाही. २०१६ च्या जुलैमध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या अनेकांनी मेलेली ढोरं उचलणं सोडलं. महाडची गोष्ट नव्वद वर्षांनी पुन्हा घडली.

म्हणून कारागिरीचं कौतुक करताना आम्ही दोन्ही हातांची नावं घेऊ. ज्याने नाग घडवला त्याचं, आणि ज्याने शिंग आणून दिलं त्याचंही.

आता ही कला मागे का पडली ते बघू. पहिलं कारण फणीचं. जुन्या पेटीत आरसा, करंडा, फणी असे, आणि फणी लाकडाची, शिंगाची किंवा हस्तिदंताची. अमेरिकेत १८७० च्या आसपास सेल्युलॉइड नावाचा पदार्थ बाजारात आला. तोही तापवला की मऊ होतो आणि साच्यात घालता येतो, म्हणजे शिंगाचाच गुण. पण त्याला जनावर लागत नाही, दुर्गंधी नाही, पाहिजे तो रंग येतो. मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टर गावात शंभर वर्षं शिंगाच्या फण्या होत होत्या, ते गाव बघता बघता सेल्युलॉइडकडे वळलं. आपल्याकडे स्वदेशीच्या चळवळीत बंगालमधल्या जेसोरला सेल्युलॉइडच्या फण्यांचा कारखाना निघाला. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं, म्हणून पुढे त्याच्या जागी दुसरं प्लास्टिक आलं. तोवर शिंगाच्या फणीचा बाजार उठला होता. पाच-दहा रुपयांच्या फणीसमोर दोन दिवस घासलेली फणी कशी टिकणार?

दुसरं कारण कायद्याचं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. गव्याला त्यात सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. गव्याचं शिंग विकत घेणं, विकणं, त्याच्या वस्तू करणं गुन्हा ठरलं. विजयदुर्ग-सावंतवाडीच्या मूळ कलेचा कच्चा मालच थांबला. यात अन्याय झाला का? आम्हाला तसं वाटत नाही. शिंगासाठी, कातड्यासाठी, हौसेसाठी गवे मारले जात होते. राधानगरीचं गव्यांचं अभयारण्य १९५८ सालचं, महाराष्ट्रातलं पहिलं. आज सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या गावांत गवे शेतात उतरतात, भात आणि ऊस तुडवतात, आणि त्याचा त्रास सगळ्यात आधी शेतावर जाणाऱ्या बायांना होतो. तो त्रास खरा आहे, नुकसानभरपाई वेळेवर मिळाली पाहिजे हेही खरं आहे. पण गवा राहिला पाहिजे, हेही तेवढंच खरं. कायद्याने प्राणी वाचवला, ते बरोबर केलं. त्या घराण्यांच्या हातातल्या कौशल्याला दुसरी वाट मात्र वेळेवर मिळाली नाही, ही खंत आहे.

दुसरी वाट होती म्हशीच्या शिंगाची. ओडिशात, केरळात, उत्तर प्रदेशातल्या संभळमध्ये ती लोकांनी धरली. संभळचं शिंग आणि हाडाचं काम तर त्या राज्याच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत आहे. मेळ्यात दिसणाऱ्या फण्या, बटणं बहुतेक अशाच ठिकाणांहून आलेल्या असतात. पूर्वी घरोघरच्या शोकेसमध्ये काचेआड एका पायावर उभा असलेला काळा बगळा आठवतो ना? तोही शिंगाचाच.

आता गटांसाठी कामाच्या गोष्टी. या नीट ऐका, आणि मासिकात छापून आल्यावर बैठकीत वाचून घ्या.

पहिली गोष्ट कायद्याची. गवा, सांबर, चितळ अशा कुठल्याही रानटी जनावराचं शिंग घ्यायचं नाही, विकायचं नाही. सांबराचं शिंग आपोआप गळून रानात पडलेलं मिळालं तरी ते घरी आणायचं नाही. ‘आम्ही मारलं नाही, सापडलं’ हे उत्तर चालत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत तीन ते सात वर्षांची शिक्षा होऊ शकते. कुणाच्या घरी आजोबांच्या वेळची अशी वस्तू असेल, तर ती विकू नका, भेटही देऊ नका, वन विभागाच्या कचेरीत जाऊन विचारा. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीला ती बंदी नाही. म्हणून माल घेताना शिंग कुठल्या जनावराचं हे विचारा, आणि पावती घ्या. पावती न देणारा विक्रेता स्वस्त देत असला तरी तो गटाला महागात पडेल.

दुसरी गोष्ट जिवाची. गोठ्यातलं जनावर एकाएकी मेलं, नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, पोट फुगलं, तर तो फाशी रोग असू शकतो. माणसाला तो झाला की त्याला काळपुळी म्हणतात. अशा जनावराला चिरायचं नाही, कातडं काढायचं नाही, शिंग तर मुळीच घ्यायचं नाही. या रोगाचे जंतू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. ते सांगतील तसं खोल खड्ड्यात पुरायचं. जुन्या काळी शिंग, लोकर, कातडं हाताळणाऱ्या कामगारांना हा रोग होत असे, ही त्या चकचकीत वस्तूंमागची आणखी एक न लिहिलेली किंमत.

तिसरी गोष्ट कामाच्या जागेची. कुणी प्रशिक्षण घेणार असाल, तर शिंग घासताना बारीक धूळ उडते, ती छातीत जाते. तोंडावर साधा पदर पुरत नाही, चांगला मास्क लावा. शेकताना आणि उकळताना वास आणि धूर होतो, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही, लहान मुलांजवळ करायचं नाही. उघड्या पडवीत, वारा वाहता असेल तिथे करा. स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरू नका.

चौथी गोष्ट खऱ्या-खोट्याची. प्लास्टिकची वस्तू शिंगाची म्हणून विकली जाते. सुई तापवून वस्तूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्याला टोचा. केस जळल्याचा वास आला तर शिंग, नाकात झोंबणारा वास आला तर प्लास्टिक. उजेडात धरली तर शिंगात पदर आणि रेषा दिसतात, दोन फण्या कधी तंतोतंत सारख्या नसतात. शिंगाची फणी घेतली असेल तर ती पाण्यात भिजवून ठेवू नका, उन्हात टाकू नका. अधूनमधून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. लोकरीला लागते ती कसर शिंगालाही लागते, म्हणून बंद पेटीत वर्षानुवर्षं ठेवून विसरू नका. वापरातली वस्तू टिकते. ‘केस गळायचे थांबतात’ असं कुणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका. ही फणी केसांच्याच जातीची असल्यामुळे थंडीत प्लास्टिकच्या फणीसारखे केस चरचरून उभे राहत नाहीत, एवढा फायदा खरा.

पाचवी गोष्ट उरलेल्या चुऱ्याची. शिंग घासून-कापून जो चुरा पडतो तो फेकायचा नाही. त्यात साधारण १२ ते १४ टक्के नत्र असतं आणि ते मातीत हळूहळू सुटतं. परसातल्या वांगी-मिरचीला, फुलझाडांना ते चांगलं खत आहे.

आणि एक गोष्ट पोळ्याची. बैल सजवताना शिंगं साळतात, कानशीने घासून गुळगुळीत करतात, मग हिंगूळ आणि बेगड लावतात. शिंगाच्या आत जिवंत हाड आहे, त्यात रक्त वाहतं, हे आपण सुरुवातीलाच बघितलं. दरवर्षी साळून खोळ पातळ झाली की आतल्या भागाला इजा होते. बैलांना शिंगाचा कर्करोगही होतो. शिंग एका बाजूला लोंबू लागलं, बैल डोकं झटकू लागला, नाकपुडीतून रक्त आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरधनी म्हणाले ‘सणाला तसंच घासतात’, तर तुम्ही त्यांना हे सांगा. रंग लावून बैल तेवढाच देखणा दिसतो.

सख्यांनो, एखादी कला वाचवायची म्हणजे जसं होतं तसंच सगळं परत आणायचं, असं आम्हाला वाटत नाही. गव्याची शिकार परत आणायची नाही. ढोर ओढण्याची सक्ती आणि तिच्यामागची जात तर मुळीच परत आणायची नाही. वाचवायचं आहे ते हातातलं ज्ञान: तेल किती, आच किती, कधी वाकवायचं, किती वेळ धरून ठेवायचं. हे ज्ञान लिहून ठेवावं लागतं, नाही तर ते माणसाबरोबर जातं. गॅझेटियरमध्ये साहेबाने चार ओळी लिहिल्या म्हणून निदान विजयदुर्गच्या सुतारांचं काम आपल्याला कळलं. त्यांच्या घरातल्या बायकांनी काय केलं, हे लिहायचं त्याला सुचलं नाही. ते काम आपलं.

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या सगळ्यात वडील बाईला विचारा: तुमच्या लहानपणी घरात शिंगाची कुठली वस्तू होती? कोण आणून देत असे? ती वस्तू कोण बनवत असे आणि त्यासाठी शिंग कोण देत असे? जी उत्तरं येतील ती वहीत लिहा, गावाचं नाव आणि सांगणारीचं वय घालून. हातावर पोट असलेल्या माणसांचा इतिहास असाच लिहिला जातो, एकेका वहीतून. आणि ज्या घरची बाई म्हणेल की ‘शिंग आमच्या आज्याने काढून दिलं होतं,’ तिचं सांगणं सगळ्यात आधी लिहा.